पाहिलेल्याचं गुपित

"पाह्यलं मी, बाबूजी. मंग गुपित मलेच काहून?"

माझ्या टेबलाशी येऊन एक खेड्यातले काका दर महिन्याला हेच विचारत. आवाज कधी चढला नाही. देवळात यावं तसे चपला दाराबाहेर काढून येत, आणि मलाच ओशाळल्यासारखं होई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. हे काका जवळच्याच कुही तालुक्यातल्या एका गावात पर्जन्यमापकावर होते. रोज सकाळी आठला पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा, एवढंच काम. एका सकाळी धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, त्यांना आकाशात काहीतरी थांबलेलं दिसलं. पितळेच्या परातीसारखं, अजिबात आवाज नसलेलं. मग ते सरळ वर निघून गेलं. यांनी पावसाच्या रकान्याशेजारी वेळ, दिशा, आकार, सगळं लिहून ठेवलं.

"अन् त्या दिवशी पाऊस किती?" मी एकदा थट्टेनं विचारलं.

"निरंक," ते गंभीरपणे म्हणाले.

ती नोंद आमच्या कचेरीत पोचली, आणि चौकशीला जीपमधून दोन अधिकारी गावात गेले. त्यांनी जबाब घेतला, वही नेली, "कळवू" म्हणाले. कळवलं कोणीच नाही. गावानं मात्र आपला निकाल लावून टाकला. लोक त्यांच्या पावसाच्या आकड्यांनाही हसू लागले. ते त्यांना फार लागलं.

"आजवर एक थेंब जास्तीचा नाही लिहिला जी मी!"

त्यांच्या प्रत्येक अर्जाचं उत्तर मीच टाइप करायचो. 'प्रकरण गोपनीय असल्याने माहिती देता येत नाही.' तुम्हीही कधी कचेरीत बसला असाल, तर असली वाक्यं बोटांना किती लवकर पाठ होतात हे तुम्हाला ठाऊक असेल.

पुढे कपाटं हलवताना त्यांच्या प्रकरणाची फाईल हाती आली. उभ्या उभ्या वाचली. ते काय होतं, हे अधिकाऱ्यांनाही कळलं नव्हतं. पण शेवटच्या पानावर एक ओळ होती : 'साक्षीदार विश्वासार्ह. नोंदी अचूक.'

पुढच्या खेपेला मी त्यांना सायकल स्टँडपाशी नेऊन हळूच सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले.

"मंग तेवढीच ओळ लिहून द्या, बाबूजी. गावाले दाखवतो."

"काका, नोकरी जाईल माझी."

त्यांनी माझा हात सोडला.

"म्हणजे तुमचं बी माझ्यासारखंच झालं. पाह्यलं, पण दाखवता येत नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर ते आले नाहीत.

दोनेक वर्षांनी एका लग्नाहून परतताना त्यांच्या गावच्या फाट्यावर चहाला थांबलो. त्यांची चौकशी केली.

"ते? गेले ना जी, पोळ्याच्या आधी," चहावाला म्हणाला. "भला माणूस होता, पण थापा लय मारे."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. ती ओळ माझ्या ओठांवर आली होती. तेवढ्यात एसटी आली. मी कप खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो.