दोन्ही हातांत रिळं

तीन जूनला शर्टाच्या कारखान्यातल्या मावशींचा पगार एक हजार एकशे चाळीस रुपयांनी कमी झाला, आणि तो त्यांनी आपणहून कमी करून घेतला. एकोणतीस वर्षं कॉलरी शिवल्यावर, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्या नव्या कामगारांना शिकवायला प्रशिक्षण विभागात आल्या. तिथे जादा नगांचा भत्ता नव्हता. अट मात्र होती. एकतीस ऑगस्टला आठ नव्या बायकांनी कारखान्याच्या मॅनेजर मॅडमसमोर एकेकटीने कॉलर शिवून दाखवायची. निदान सहाजणी पास झाल्या नाहीत, तर मावशी परत शिलाईच्या लाइनवर.

"खुशाल जा," लाइनचा सुपरवायझर म्हणाला. "खुर्ची राखून ठेवतो. गार व्हायच्या आत परत याल!"

मावशींचा हात सोन्याचा होता आणि घोडं तिथेच अडलं. कुणाची सुई कोपऱ्यावर अडखळली, की मावशी म्हणायच्या, "दे इकडे!" डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉलर तयार. बायका कौतुकाने बघत राहायच्या.

जुलैअखेरीस मावशी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या. परत येऊन बघतात, तर आठही मशीन बंद.

"काय झालं गं?"

"कोपरा आलाय," सगळ्यांत संथ होती ती म्हणाली. आधी ती दवाखान्यात फरशा पुसायची. "तुमचीच वाट बघतोय, मावशी."

महिना उरला होता आणि येत कुणालाच काही नव्हतं.

घरी यजमान सदऱ्याला बटण लावत बसले होते.

"द्या इकडे."

"हेच ते!" यजमान म्हणाले. ते बसचालक होते आणि नवे चालकही त्यांनीच तयार केले होते. "सव्वीस वर्षांत एक बटण लावू दिलं नाहीस मला. अगं, शिकवताना मी हात मांडीखाली दाबून बसायचो. मी स्टिअरिंग धरलं, की शिकणारा सोडून देतो."

"मला मशिनींच्या मधून फिरावं लागतं. हातांवर बसून कशी फिरू?"

"मग हातांत काहीतरी धर. आणि यापुढे घरात 'द्या इकडे' म्हणालीस, की दहा रुपये दंड."

बटण तिरपं लागत होतं. दंड त्याच संध्याकाळी वीस रुपयांवर गेला.

दुसऱ्या दिवशी मावशी दोन्ही हातांत दोऱ्याची दोन मोठी रिळं घेऊन वर्गात आल्या.

"मावशी, व्यायाम सुरू केलात की काय?"

"हो, जिभेचा. सुई कापडातच राहू दे, मग कापड वळव. माझ्याकडे काय बघतेस? माझे हात भरलेत!"

पहिली कॉलर निघाली ती एका बाजूने सशाचा कान, दुसऱ्या बाजूने बैलाचा. मावशींचा जीव तीळतीळ तुटला, पण रिळं सुटली नाहीत. पंधरा ऑगस्टपर्यंत बैल गेले, ससे राहिले.

एकतीस तारखेला सातजणी पास झाल्या. उरली ती फरशीवाली. कोपऱ्यावर तिने सुई वर घेतली आणि कापड सरकलं. ती थांबली. घड्याळाचा काटा पुढे चालला होता. मॅडमना राहवेना, त्यांनी हात पुढे केला.

"दे बघू इकडे—"

मावशींनी पटकन एक रीळ मॅडमच्या हातात ठेवलं. मॅडम त्या रिळाकडे बघतच राहिल्या.

फरशीवालीने स्वतःच टाका उसवला, सुई कापडात रोवली, कापड वळवलं. दोन्ही टोकं अगदी सारखी आली. वर्गात अशी आरोळी उठली, की शेजारच्या लाइनवरच्या बायका धावत आल्या.

"मावशी," मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "हा रोग आमच्या सगळ्याच सुपरवायझरांना आहे. पुढचा वर्ग त्यांचा घ्या."

सोमवारी लाइनचा सुपरवायझर पहिल्या बाकावर होता, दोन्ही हातांत रिळं धरून.

"ती खुर्ची द्या आता दुसऱ्या कुणाला तरी," मावशी म्हणाल्या. "पार गार झाली असेल!"

घरच्या दंडापैकी तीस रुपये मावशींकडून यजमानांना अजून येणे आहेत.