हात मागे

पहिल्या वर्षाच्या फिजिक्स लॅबच्या मॅडम तशा मऊ स्वभावाच्या. पण पीएचडीची नवी मुलं लॅब शिकवायला आली की त्यांच्यातली सासू जागी व्हायची. नियम एकच. विद्यार्थ्यांच्या टेबलाजवळ जायचं ते हात पाठीमागे बांधून. जोडणी चुकलेली दिसली तरी वायरला बोट लावायचं नाही, उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं. ऐकायला सोपं आहे. पण ज्यांना जन्मभर सगळ्यांच्या आधी उत्तर दिल्याबद्दल शाबासकी मिळाली, त्यांचे हात शिवशिवतातच.

घरी मॅडमना स्वतःला हे जमत नसे. नवरा गळका नळ दुरुस्त करायला बसला की बघता बघता पाना यांच्या हातात. वर म्हणायच्या, “तो नवरा आहे, विद्यार्थी नाही.”

या वर्षी घोडं अडलं ते एका मुलापाशी. हुशारी नुसती उतू जात होती. सरावाच्या दोन फेऱ्यांत मॅडम स्वतः गोंधळलेल्या विद्यार्थिनीचं सोंग घ्यायच्या, वायर उलटी धरून रडवेला चेहरा करायच्या. हा पठ्ठ्या दोन्ही वेळा झडप घालून सर्किट लावून मोकळा झाला. मॅडमनी त्याचं नाव ‘रेडिमेड’ ठेवलं आणि दोन्ही वेळा त्याला नापास केलं.

“मॅडम, ती मुलं तासभर चुकतच बसणार. मग मी तिथे कशाला?” त्यानं विचारलं.

“तेच शोधून काढ,” मॅडम म्हणाल्या.

म्हणाल्या खऱ्या, पण जीव खालीवर होत होता. लॅब शिकवली तरच या मुलांची संशोधनाची जागा टिकायची. आता खऱ्या वर्गात शेवटची संधी होती. तीही गेली तर विभागप्रमुख त्याला घरी पाठवणार, आणि घरी आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून बसलेली की लेक शास्त्रज्ञ होणार. पोरगं वाईट नव्हतं, त्याला घाई फार होती.

मॅडम मागच्या स्टुलावर जाऊन बसल्या. खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगी अ‍ॅमीटर बल्बच्या वाटेत जोडायचा सोडून थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावत होती. बटण दाबलं की मीटरचा फ्यूज उडणार, हे रेडिमेडला लांबूनच दिसलं. तो तरातरा गेला. हात पुढे आले, मग त्यानं ते कसेबसे पाठीमागे नेले. बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकवली होती की मॅडमना मागून त्याची पांढरी पडलेली नखं दिसत होती.

“करंट कुठून कुठे जाईल, बोटानं दाखवतेस?”

मुलीनं भलतीच वाट दाखवली. “दाबू का?”

त्यानं नजर मीटरवर खिळवली. पण मॅडमना राहवेना. लॅबमधला एकेक मीटर त्यांनी तळहाताच्या फोडासारखा जपला होता. त्या उठल्या, टेबलापाशी आल्या, हात वायरकडे गेलासुद्धा. तेवढ्यात तो मध्ये येऊन उभा राहिला, हात मागेच ठेवून.

“मॅडम, बसा ना,” तो हळूच म्हणाला. “दाबू दे तिला.”

तिनं दाबलं. काटा उसळून टोकाला आपटला आणि शून्यावर येऊन पडला. मुलीचा चेहरा उतरला. “मी बिघडवला का?”

“फ्यूज उडालाय. तो उडण्यासाठीच असतो. का उडाला असेल पण?”

तिनं पुन्हा वायरवरून बोट फिरवलं, या वेळी सावकाश, आणि मध्येच थांबली. “याला वाटेत बल्ब भेटतच नाहीये,” ती स्वतःशीच म्हणाली. मग नवा फ्यूज मागून घेऊन तिनं सगळं सोडवलं आणि पहिल्यापासून जोडलं. बल्ब लागला तेव्हा तिनं रेडिमेडकडे पाहिलंही नाही, शेजारच्या मैत्रिणीला कोपरानं ढोसून दाखवलं. मॅडमना भरून आलं.

बाहेर विभागप्रमुख भेटले. “काय, सुरळीत झाला वर्ग?”

“छे. फ्यूज उडाला.”

“त्यानं उडवला?”

“एका मुलीनं. चूक तिनंच शोधली, नीटही तिनंच जोडलं.”

“मग हा काय करत होता?”

“नुसता उभा होता,” मॅडम म्हणाल्या. “मला ते जमलं नाही. त्याला ठेवा.”