रोमचा कवी आणि लिंबाची बरणी

आमच्या घरात एक रोमन माणूस राहायचा. त्याला मरून दोन हजार वर्षं झाली होती, पण जेवणाच्या वेळी हजर असायचाच. बाबांनी त्याला आमच्या शहरातल्या कोठी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं होतं, इंग्रजी भाषांतरात, मागची काही पानं वाळवीनं खाल्लेली. बाबा वकील. कोर्टात चार-दोन लॅटिन वचनं तोंडावर फेकायला लागतात, तेवढ्या भांडवलावर त्यांना रोम म्हणजे आपली सासुरवाडी वाटायची. खरी सासुरवाडी शालीबंड्याला होती, जामबागेतल्या आमच्या घरापासून रिक्षानं जाण्यासारखी. तिथे मात्र ते सणासुदीलाच जायचे.

या कवीचं म्हणणं थोडक्यात असं होतं, म्हणजे बाबांनी आम्हाला सांगितलेलं: आज जे ताटात आहे ते चवीनं खा, पुढचं काय ते विचारत बसू नका, फार वर चढू नका, फार खाली लोळू नका, आणि मित्र आले की वर्षानुवर्षं जपलेली दारूची सुरई बाहेर काढा. शेवटचं कलम बाबा जरा आवाज खाली आणून सांगायचे. आमच्याकडे खोकल्याच्या औषधालासुद्धा आई हुंगून बघायची.

बाबा हा कवी वापरायचे तो वकिलासारखाच. स्वतःच्या बाजूनं असेल तेवढाच. आईनं दोन दारांचा फ्रिज मागितला की कवी म्हणायचा, मध्यम मार्ग बरा. ईदला शेजारच्या खानसाहेबांकडून खुबानीचा मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, आला की तोच कवी म्हणायचा, आजचा दिवस परत येत नाही, अजून एक वाटी आण. मी दिलसुखनगरला कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले तेव्हा, पोरीनं इतकं धावू नये असं कवीचं मत पडलं. माझा पहिला पगार झाल्यावर मी बाबांना नवे बूट आणले. त्यावर कवीची काही हरकत नव्हती.

ती वर्षं मोठी गंमतशीर होती. गल्लीवरून केबलच्या तारा आडव्यातिडव्या गेल्या होत्या, दिलसुखनगरात रोज नव्या क्लासाचा बोर्ड लागायचा, आणि ज्याच्या त्याच्या घरातला एकजण अमेरिकेच्या व्हिसासाठी शनिवार धरत होता. जे कधी मिळत नव्हतं ते दुकानात येऊन बसलं होतं. देश उघडत होता आणि आमची आई झाकत होती. नवा सोफा आला तो प्लॅस्टिकसकट. त्याच्यावर बसलं की उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या आणि उठताना चर्रकन आवाज व्हायचा, पण प्लॅस्टिक काढायचं नाही. रंगीत टीव्ही आला, त्याच्या रिमोटवर प्लॅस्टिकची पिशवी आणि वर रबरबँड. चिनीमातीच्या कपबश्या शोकेसमध्ये, पाहुण्यांसाठी. पांढरे टॉवेल कपाटात, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की आई म्हणायची, "हे काय फार मोठे पाहुणे नाहीत," आणि स्टीलचे कप काढायची. ते फार मोठे पाहुणे कोण, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि या सगळ्यावर राज्य करायची ती बरणी. आईच्या माहेरी रीत होती की मुलगी झाली, की त्या वर्षी लिंबाचं लोणचं घालायचं. तेल नाही, नुसतं मीठ, लिंबू आणि थोडा मसाला. दरवर्षी उन्हाळ्यात बरणी गच्चीवर न्यायची, ऊन दाखवायचं, खाली आणायची, तोंडावर बांधलेला पांढऱ्या कापडाचा दादरा मात्र सोडायचा नाही. उघडायची ती मुलीच्या लग्नात. नवरा-नवरीच्या पानात पहिली फोड पडायची आणि अर्धं लोणचं मुलीबरोबर सासरी जायचं. माझं लोणचं माझ्याएवढंच म्हातारं झालं होतं. पोट दुखलं तरी त्यातलं मिळायचं नाही. पोटदुखीची बरणी वेगळी, छोटी, कान तुटलेली.

तर अशा घरात बाबांच्या छातीत दुखायला लागलं.

आधी ते म्हणाले, गॅस आहे. मग म्हणाले, कोर्टाचे जिने नीट बांधलेले नाहीत. शेवटी अफझलगंजला पुलाजवळ भर रस्त्यात ते फाइल धरून खाली बसले, आणि एका अनोळखी रिक्षावाल्यानं त्यांना उचलून घरी आणून सोडलं. तो जाताना आईला म्हणाला, "अम्मा, साबकू दवाखाने में दिखाओ. सुनते नईं ये." एवढ्या वेळात त्यालाही ते कळलं होतं.

शहरात तेव्हा एक नवं काचेचं हॉस्पिटल झालं होतं, आत शिरल्यावर हॉटेलात आल्यासारखं वाटायचं. तिथल्या तरुण डॉक्टरनं तपासण्या केल्या, पडद्यावर बाबांच्या रक्तवाहिन्या दाखवल्या आणि सांगितलं की बायपास करायला हवी, आणि लवकर. नाही केली तर? डॉक्टर म्हणाला, मग आज आहेत, उद्याचं सांगता येणार नाही.

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. बाबांचा चेहरा उजळला. "हेच," घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "हेच तर तो दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेला." आणि त्या दिवसापासून कवीनं आमच्या घरात पूर्ण वेळ वकिली सुरू केली. ऑपरेशन म्हणजे हाव. पुढची वर्षं मागून घेणं म्हणजे अतिरेक. शहाण्या माणसानं आजचा वरणभात खावा, आजच्या कडुलिंबाच्या सावलीत बसावं, आणि जायचं तेव्हा जावं. मावशी समजावून गेली, मामा रागावून गेला. दोघांनाही तासभर रोम ऐकावा लागला. मामा जिन्यात मला म्हणाला, "तुझ्या बापाला हार्टचा डॉक्टर नको, दुसरा दाखव."

मला इतका राग यायचा की ते पुस्तक मुसी नदीत फेकून द्यावं. त्या कवीचं काय जात होतं? त्याला कोणी मुलगी होती की नाही कोण जाणे. स्वतःच्या शेतावर सावलीत बसून लिहायला काय लागतं? मी बाबांना तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "तू रागावतेस कारण तू उद्यात जगतेस." मी दार आपटून क्लासला गेले आणि दिवसभर पोरांवर ओरडत राहिले.

आई मात्र भांडली नाही, रडली नाही. उलट दुपारी बाबा झोपले की माझ्याजवळ येऊन विचारायची, तो कवी नेमकं काय म्हणतो गं? सांग बरं नीट. मी चिडून सांगायचे. ती ऐकून घ्यायची, हौ म्हणायची, आणि भाजी निवडायला जायची.

मग एक रविवार आला. मी अंघोळ करून बाहेर आले तर आई कात्री घेऊन सोफ्याचं प्लॅस्टिक कापत होती. मला वाटलं, फाटलं असेल. मग तिनं रिमोटची पिशवी काढली. शोकेस उघडून कपबश्या काढल्या, धुतल्या आणि आमचा साधा सकाळचा चहा त्यात ओतला. बाबांना आंघोळीला पांढरा टॉवेल दिला. आणि मग ती आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती लग्नातला शालू नेसून. त्या शालूत ती कणीक मळायला बसली.

बाबा आधी खूश झाले. पहिल्यांदाच त्यांना कोणी शिष्य मिळाला होता. सोफ्यावर तीन-चारदा बसून उठून पाहिलं, आवाज होत नव्हता. "बघ," मला म्हणाले, "तुझ्या आईला कळलं, तुला कळत नाही." पण चहाचा दुसरा कप संपेपर्यंत त्यांचा आवाज जरा उतरला होता. शालूला कणकेचा हात लागला तेव्हा ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"आज कोणी येणार आहे का?"

"नाही."

"मग सण कुठला?"

"सण नाही. आज आहे, एवढंच," आई म्हणाली आणि पोळी लाटत राहिली.

बाबा परत येऊन सोफ्यावर बसले. पेपर उघडला, पण पान उलटेना. मला हसू येत होतं, पण आई थट्टा करत नव्हती. ती प्रत्येक वस्तू काढत होती ती शांतपणे, जसं गावाला जाताना माणूस घर आवरतं.

पानं मांडली. गरम भात, वरण, तूप. आणि आई दोन्ही हातांनी ती बरणी घेऊन आली. आमच्या तिघांच्या मध्ये ठेवली आणि दादऱ्याची गाठ सोडायला लागली.

"ही कशाला?" बाबा म्हणाले.

"खायला."

"अगं, ते हिच्या लग्नाचं आहे."

"हौ. माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? लग्नात तुम्ही असणार का? मी एकटी उभी राहून ही उघडू? माझ्याच्यानं नाही व्हायचं ते. त्यापेक्षा आज तुम्ही आहात, पोरगी समोर आहे, भात गरम आहे. तिघं मिळून खाऊन टाकू. तुमचा तो रोमवाला हेच सांगतो ना? जपून ठेवलेलं आज काढा म्हणून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या वकिलीत त्यांना असा युक्तिवाद कोणी केला नसेल. शेवटी त्यांनी जी हरकत घेतली ती वकिलाचीच होती.

"तो दारूबद्दल सांगतो," ते म्हणाले. "लोणच्याबद्दल नाही."

आईनं मान वरसुद्धा केली नाही. गाठ जुनी, घट्ट बसलेली. तिनं नखानं ती सैल केली, दोरी ओढली, दादरा अर्धा बाजूला झाला. त्या फटीतून वास आला. मी जन्मल्यापासूनच्या सगळ्या उन्हाळ्यांचा वास, आंबट, काळा, तोंडाला पाणी सुटेल असा. आईनं झाकणाला हात घातला आणि बाबांनी आपला हात तिच्या हातावर दाबून धरला.

"नक्को," ते म्हणाले.

हा शब्द आम्हाला घरात बंद होता. रस्त्यावरची भाषा रस्त्यावर, असं बाबा म्हणायचे. लहानपणी मी एकदा नक्को म्हटलं तर मला नको, नको, नको असं शंभरदा म्हणायला लावलं होतं.

"नक्को गं," ते पुन्हा म्हणाले. "करवतीनं छाती कापतात. मी विचारलं त्या डॉक्टरला. करवतीनं. आणि हृदय थांबवून ठेवतात. मग परत नाही सुरू झालं तर? मला भीती वाटते."

तेवढंच होतं. इतके दिवस रोम, सावली, मध्यम मार्ग, आणि सगळ्याच्या खाली एक घाबरलेला माणूस. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का?

"मला पण वाटते," आई म्हणाली. "मला काय कमी वाटते का?"

भात गार झाला. बाबांनी स्वतः दादरा नीट केला आणि दोरी बांधली. इतकी वाईट गाठ मी आयुष्यात पाहिली नाही, पण आईनं ती सोडून परत बांधली नाही. सोमवारी त्यांनी डॉक्टरला फोन केला.

ऑपरेशनला जाताना पुस्तक बरोबर नेलं. भूल देणाऱ्या बाईंना त्यांनी कवी समजावायला घेतला, आणि बाईंनी इंजेक्शन जरा लवकर दिलं असा माझा अंदाज आहे. ते परत आले ते छातीवर उभी शिवण आणि पथ्याचा कागद घेऊन. तूप बंद. खुबानी बंद. मीठ जवळजवळ बंद, आणि लोणचं तर नावालाही नाही. पंधरा दिवसांत बाबांनी पुस्तकातून शोधून काढलं की कवी मुळात साधंच खायचा. आईनं शोकेस पुन्हा भरली. सोफ्याला मात्र प्लॅस्टिक परत चढलं नाही.

पुढे मी एकदा आईला म्हटलं, की तू त्या दिवशी छान नाटक केलंस. ती चिडली. "नाटक कसलं? मला खरंच वाटलं, आता हे सगळं कुणासाठी ठेवू? तो माणूसच निघाला होता." आणि म्हणाली, "तुमचा कवी वाईट नाही. पण त्याच्या घरात बायकोशी बोलत होता का तो?"

माझं लग्न झालं त्या उन्हाळ्यात बरणी उघडली. बाबांची ती वेडी गाठ सुटेना, शेवटी कापावी लागली. पहिली फोड माझ्या पानात पडली, दुसरी नवऱ्याच्या. व्याही, मावशी, मामा, खानसाहेब, सगळ्यांनी बोटं चाटली. बाबा पांढऱ्या झब्ब्यात माझ्यासमोर पथ्याचं पान घेऊन बसले होते, आळणी भाजी चिवडत. आई त्यांच्या बाजूनं वाढत गेली आणि त्यांच्या पानाशी येऊन थांबली. चमचा बरणीच्या काठावर टेकवला आणि मांडवातल्या फुलांकडे बघत उभी राहिली.

बाबांनी बोट पुढे केलं, चमच्याला लागलेला काळा खार टिपला आणि तोंडात घातला. डोळे मिटले. मला वाटलं, आता रोम येणार.

"थोडं खारट व्हायला हवं होतं," ते म्हणाले. "राहिलेलं पुढच्या उन्हाळ्यात परत गच्चीवर ठेव. मी नेईन वर."