शेणखतातून शेतात गेलेली वाटी

शेतातल्या खिळ्यांनी ट्रॅक्टरचे टायर खराब होत, म्हणून मी अकोल्याच्या भंगारवाल्याकडून धातू शोधायचं एक जुनं यंत्र आणलं. वलगावच्या शेतात ते फिरवताना बैलाची नाल मिळाली, कढईचा कान मिळाला आणि मग चांदीची वाटी.

मी तिथेच खाली बसलो. घरातल्या लेकरांचं उष्टावण याच वाटीतून व्हायचं. मी अठरा वर्षांचा असताना ती हरवली आणि भांडी घासणाऱ्या मावशीवर संशय गेला. मोठ्यांत आपलंही वजन पडावं म्हणून मी म्हणालो, "तिला पदरात काहीतरी बांधताना मी पाहिलं." मी काहीच पाहिलं नव्हतं. मावशी गाव सोडून गेली.

वाटी घासायच्या राखेत राहिली असणार. राख उकिरड्यावर जायची आणि उन्हाळ्यात उकिरड्याचं खत बंडीतून शेतात. त्या वर्षी बंडी मीच हाकली होती.

मावशी आता बार्शीटाकळीला मुलाकडे असते. वाटी तिच्या हातात ठेवून मी म्हणालो, "मावशी, ही खतात गेली होती. मी खोटं बोललो होतो."

"म्हातारा झाला तव्हा अक्कल आली का तुले?" ती म्हणाली. "मी नेली नाई, हे मले मालूमच होतं. मले काहून सांगून राहिला? सुनेले सांग. भांडण झालं का तेच काढते."

तिनं हाक मारली. सून पिठाच्या हातांनी दारात आली. मी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.