शिक्के मारलेली गोष्ट

आमचा यज्ञेश्वरदादा झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होता आणि माणसांकडेही तो पार्सलासारखाच बघायचा. आत काय आहे, शिवण कुठं उसवली आहे? मी त्याची धाकटी बहीण, विधवा होऊन त्याच्याच घरी राहिलेली. त्या नजरेखाली माझी बरीच वर्षं गेली.

पण गोष्ट सांगावी तर दादानंच. ओरछा गेटजवळच्या आम्हा मराठी घरांच्या गणपतीत तो रोज संध्याकाळी एकच गोष्ट पुढं नेई आणि ऐन मोक्याला थांबे. एरवी हिंदीतच बोलणारी पोरंसुद्धा तेवढ्यापुरती मराठी समजून घेत. त्या वर्षी गोष्ट होती एका बाईची. तिचा नवरा गाडीत बसून गेला तो परतलाच नाही, आणि ती रोज जेवणाचा डबा घेऊन त्याच गाडीच्या वेळी स्टेशनवर उभी राहते.

एका संध्याकाळी दादानं घसा खाकरला, तोच पुढच्या रांगेतले केशवराव म्हणाले, "आज तो हमाल डबा पळवणार ना हो?"

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. पुढचा भाग तो आधी तिघांनाच ऐकवून बघायचा, मला, अनुसूयावहिनीला आणि ऑफिसातल्या बापूरावांना. म्हणजे चोर तिघांतलाच. "माझी गोष्ट फुटली तर माझ्याकडे उरतं काय?" असं तो मला म्हणाला, तेव्हा राग यायच्या ऐवजी त्याची कीवच आली. दिवसभर दुसऱ्यांच्या गाठोड्यांवर चिठ्ठ्या डकवणाऱ्या माणसाची स्वतःची म्हणावी अशी ती एवढीच चीज होती.

मग त्यानं ऑफिसातली युक्ती घरात आणली. पार्सल वाटेत कुठं फुटतं हे कळावं म्हणून तिथं निरनिराळ्या खुणांचे शिक्के मारत. दादानं तिघांना गोष्टीचे तीन शेवट सांगितले. मला सांगितलं, बाई स्वतःच गाडीत बसून निघून जाते. बापूरावांना सांगितलं, तिचं लग्नच झालेलं नव्हतं. वहिनीला सांगितलं, नवरा परत येतो. आणि कान टवकारून बसला.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारची चंपा वहिनीला विचारत होती, "काय जिज्जी, साँची में बो लौट आओ?" म्हणजे, तो खरंच परत आला का? नेमका तेव्हाच दादा तिथून चालला होता.

घरी आला तो लालबुंद. "घरचाच भेदी निघाला!"

वहिनी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "आम्ही बायका मागं बसतो. तुमचा निम्मा शब्द आमच्यापर्यंत पोचत नाही, आणि चंपाला तर मराठीच येत नाही. म्हणून मी सगळ्यांना नळावर आधीच बुंदेलीत सांगते. त्या घरी जाऊन आपल्या नवऱ्यांना सांगतात. यात चोरी कसली?"

दादानं तिच्याशी बोलणंच टाकलं. ती वाढायला आली की तो तिच्याकडे फुटलेल्या पार्सलाकडे बघावं तसा बघे. मी त्याला चांगलं झापलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटच्या संध्याकाळी मंडप भरला होता. दादा गोष्टीतल्या बाईला स्टेशनपर्यंत घेऊन आला आणि अडला. एक शेवट सगळ्या गल्लीला ठाऊक झाला होता, उरलेले दोन नुसते चोर पकडायला केलेले. चोर शोधता शोधता गोष्टीचा खरा शेवट शोधायचाच राहून गेला होता.

"ती बाई रोज का येते," तो कसाबसा म्हणाला, "ते मलाच कळलेलं नाही."

मग मागून वहिनीचा आवाज आला. चार पुरुषांत ती कधी बोललेली नव्हती.

"तो येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. पण घरी बसलं की घरातलेच संशयानं बघतात. स्टेशनवर तसं कुणी बघत नाही. म्हणून येते."

दादा मान खाली घालून बसला. केशवरावांनी न राहवून विचारलं, "मग? पुढं?"

"पुढं येऊन बस," दादा म्हणाला. केशवरावांना नव्हे, वहिनीला. "मागं ऐकू येत नाही."

वहिनी जागची हलली नाही. मला वाटलं, आता हा चिडणार. पण दादा उठला, पुरुषांच्या रांगा ओलांडून मागं आला आणि आम्हा बायकांसमोर जमिनीवर बसला.