आपल्याला चालत न्हाई

काचेची नळी चिमट्यात धरून तो उन्हाकडं बघायचा, एक डोळा मिटून. मग नळी माझ्या बायकोपुढं करायचा आणि विचारायचा, "सांगा वैनी, कुठला रंग?"

त्या दिवशी ती म्हणाली, "मोरपंखी."

"लय झ्याक. आज चतकोर भाकरी जास्ती."

ती हसली. मी जोत्यावर तंबाखू मळत बसलो होतो. माझ्याकडं दोघांपैकी कोणी बघितलं नाही. आम्ही तिघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि ती चुलीपुढंच आडवी झाली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नदीवर पोचवली.

तिच्याविषयी लिहायला बसलो की माझा हात चालत नाही. म्हणून त्याच्याविषयी लिहितो. त्याच्याविषयी मनात राग आहे, आणि रागात हात बरा चालतो.

तो सांगलीच्या एका डॉक्टराचा कंपौंडर. आमच्या पलीकडच्या वाडीत राहायचा आणि रोज सकाळी सायकलीवरून आमच्या दारावरून दवाखान्याला जायचा. किडकिडीत अंग, धुवट सदरा, सायकलीच्या दांड्याला कापडी पिशवी. असला माणूस तुम्हीही पाहिला असेल. रस्त्यानं गेला तर मागं वळून बघावं असं त्याच्यात काही नव्हतं. तेच मला जास्त लागायचं. दिसायला तरी बरा असता तर मनाची समजूत घातली असती.

लढाईचे दिवस होते. माझी बायको वाळत चालली होती. घागरीतलं निम्मं पाणी ती एकटी प्यायची आणि रात्रीतून सारखी उठायची. मोरीत मुंग्यांची रांग लागायला लागली. आधी कोरेगावच्या एका वैद्याचं औषध झालं. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, सगळं तिनं तोंड वाकडं न करता घेतलं. फरक पडेना म्हणून बैलगाडी जुंपून सांगलीला नेली. डॉक्टर म्हणाले, गोड लघवीचा आजार आहे, रोज सुई घ्यावी लागेल, जन्मभर. एवढं बोलून ते दुसऱ्या पेशंटाकडं वळले. बाकीचं सगळं ह्या कंपौंडरानं सांगितलं.

आणि सांगितलं ते कसं, तर माझ्याच धंद्याच्या भाषेत. मी उसाचा शेतकरी, घरचं गुऱ्हाळ. हा तिला म्हणाला, "वैनी, चुलवाण इझलं तर कायलीतला रस तसाच पडून ऱ्हातो का न्हाई? तसं झालंय. साखर अंगात हाय, पर जळत न्हाई. मग ती लघवीवाटं जाते आन् अंग उपाशी ऱ्हातं. ही सुई म्हंजी चुलवाणात जाळ घालनं."

तिला ते लगेच कळलं. तिनं मान डोलावली. आता चुलवाण माझं, काहील माझी, जन्म गेला माझा त्या धगीपुढं. मी तिला कधी काही समजावून सांगितलं तर ती म्हणायची, बघू. आणि ह्याला मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून तो यायला लागला. सुई बघून ती मागं सरली, तर ह्यानं पिशवी उघडली, काचेची पिचकारी उकळली आणि पहिली सुई स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. "आधी मी, मग तुमी," म्हणाला. आम्हाला वाटलं धीर द्यायला नुसतं पाणी टोचून घेतलं. तर नाही. त्यालाही तोच आजार होता, तिच्या कितीतरी आधीपासून. लढाईमुळं हे औषध बोटीनं येईनासं झालं होतं. मिळायची ती एखादी बाटली, ती दोघांत. म्हणून ती बाटली आमच्या घरी, पाण्याच्या माठाला टेकून, ओल्या फडक्यात असायची आणि हा रोज यायचा. तिच्या वाटणीचं औषध त्यानं कधी थेंबभर कमी केलं नाही, हे मी सांगितलं पाहिजे. सांगताना बरं वाटत नाही, पण सांगितलं पाहिजे.

आमच्यात बाई नवऱ्याच्या ताटात जेवते. मी उठलो की त्याच ताटात ती बसायची. नवराबायकोचं म्हणून जे काही असतं ते आमच्यात त्या ताटात होतं. तोंडानं गोड बोलायची रीत आमच्याकडं नाही. आता माझ्याच घरात, माझ्याच माठाशेजारी, ती आणि हा परका माणूस एका बाटलीतलं घेत होते.

त्याचं एक पालुपद होतं. कोणी पेढा पुढं केला, कोणाकडं बारशाचं आमंत्रण आलं, की म्हणायचा, "आपल्याला चालत न्हाई." तो एकटा होता तोवर ते त्याच्यापुरतं होतं. पुढं त्या 'आपल्याला'त माझी बायको आली. केळ आपल्याला चालत न्हाई वैनी. उपासाचं रताळं आपल्याला चालत न्हाई. पायात काटा गेला तर हयगय आपल्याला चालत न्हाई. मला सगळं चालत होतं, म्हणून मी त्यात नव्हतो. दगड खाल्ला तरी पचवणारा गडी मी. पहिल्यांदाच मला धडधाकट असल्याची लाज वाटायला लागली.

ती त्याला भावजी म्हणायला लागली. मला भाऊ नव्हता, तिनं आणून ठेवला. मग चेष्टा सुरू झाली. नळीत निळं औषध आणि त्यात लघवीचे थेंब घालून तो स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचा. रंग निळा राहिला तर साखर नाही, हिरवट झाला तर थोडी, पिवळा म्हणजे वाढली, आणि तांबूस झाला तर मात्र त्याचं तोंड उतरायचं. रंग ओळखायचं काम त्यानं तिला दिलं होतं. ती लुगड्यांच्या रंगांची नावं घ्यायची. चिंतामणी, मोरपंखी, हळदी, विटकरी. एकदा विटकरी निघाला तर तो म्हणाला, "वैनी, काल कुनाच्या घरी गेलतासा?"

"कुटं न्हाई, भावजी."

"नळी खोटं बोलत न्हाई बगा. करंजी व्हती का लाडू?"

"निम्मी करंजी," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

मी दर सणाला तिला लुगडं आणायचो. कुठला रंग हवा, विचारलं की म्हणायची, तुमाला आवडंल त्यो. तिला इतक्या रंगांची नावं येतात हे मला त्या नळीमुळं कळलं.

पारावर तर बोलणारे होतेच. "कंपौंडर आला न्हाई का रं अजून? वैनी दारात हुबी हाय." मी हसून घालवायचो. हसताना दात दुखायचे.

पण खरी कळ लागली ती गुऱ्हाळाच्या हंगामात. आमच्या घरची एक रीत. पहिलं आदण उतरलं की पहिल्या गुळाचा खडा मी घरी न्यायचो आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घालायचो. लग्न होऊन आली त्या सालापासूनची रीत. सालातून तेवढा एकदाच मी दिवसाढवळ्या तिच्या तोंडाला हात लावायचो. त्या साली खडा घेऊन गेलो. अजून कोमट होता. तिनं तोंड मिटलं.

मी म्हणालो, "रीत हाय. एवढासा तर हाय."

ती म्हणाली, "आपल्याला चालत न्हाई."

त्याचेच शब्द. त्याच्याच सुरात. मी खडा बैलाला घातला.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. त्यानं तिला बजावून ठेवलं होतं, सुई घेतली की लगेच जेवायचं, थांबायचं नाही. आता सुई सकाळी आणि मी गुऱ्हाळावर. रस उकळत असताना गुळव्याला काहील सोडून उठता येत नाही. एरवी ती माझी भाकरी बांधून देऊन आपली आधी खायची. त्या दिवशी अमावास्या होती, नैवेद्याचं जेवण होतं, आणि नैवेद्याच्या दिवशी नवऱ्याआधी जेवायला तिचं मन घेईना. सुई घेऊन ती माझी वाट बघत बसली. मी आलो तो ऊन डोक्यावर आल्यावर.

दारात त्याची सायकल. तो दिवा विसरला म्हणून दवाखान्यातून माघारी आला होता. आत बघतो तर ती खांबाला टेकलेली, अंगावर घामाच्या धारा, डोळे कुठंतरी लागलेले. आणि हा तिच्यापुढं बसून तिच्या गालाच्या आतल्या बाजूला बोटानं गूळ चोळत होता. माझ्या गुऱ्हाळाचा गूळ. ती लहान पोरासारखी तो गिळत होती.

मी पाहात उभा राहिलो. ती मरत होती हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की माझ्या हातचा खडा तिनं नाकारला आणि ह्याच्या बोटावरचा ती खात होती.

ती शुद्धीवर आल्यावर मी म्हणालो, "आता कसा चालतो गूळ?"

"सुईनं साखर लय खाली गेली, दादा," तो म्हणाला. "जाळ मोठा आन् कायलीत रसच न्हाई, मग कायल जळती. अशा वक्ताला गूळच वाचवतो. पिशवीत खडा ठेवल्याबिगर मी सायकलीवर बसत न्हाई." मग तिच्याकडं वळून पहिल्यांदाच रागानं बोलला, "सुई लागली की ताट घ्यायचं. दादा येऊंदेत, न्हाईतर न येऊंदेत."

तेव्हापासून नैवेद्य असो, सण असो, ती आधी जेवायची आणि मी आलो की तिच्या ताटात बसायचो. भावकीला कळतं तर मला गावात राहू दिलं नसतं. पण ताट आमचंच राहिलं. एवढं मी त्याच्या हाती लागू दिलं नाही.

पुढच्या हंगामांत मी खडा आणायचो. ती नाकाशी धरून वास घ्यायची, "औंदा चांगला उतरलाय," म्हणायची आणि देवापुढं ठेवायची. ती गेली त्या सालीही तसाच ठेवला होता.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीतली माणसं नदीला आंघोळीला गेली होती. वडूजला दिलेली आमची लेक अजून पोचायची होती. मी जोत्यावर एकटाच होतो. रोजच्या वेळेला सायकलीचा आवाज आला. पलीकडच्या वाडीत खबर गेली नव्हती.

ती गेल्याचं मी सांगितलं नाही. बोलायचं कसं ते सुचेना, आणि खरं सांगायचं तर ही एक गोष्ट अजून फक्त माझी होती. त्यानं दिवा पेटवला, पिचकारी उकळली, माठाजवळची बाटली आणली, आणि रोजच्यासारखी स्वतःला आधी टोचून घेतली. मग दुसऱ्यांदा भरली. आत बघत म्हणाला, "या वैनी."

मी म्हणालो, "कुनासाठी भरली? काल पोचवली तिला."

तो तसाच खाली बसला. सुईच्या टोकावरून औषधाचा थेंब मातीत पडला, मग दुसरा. बोटीनं येणारं ते औषध, थेंब थेंब जपलेलं. त्यानं ते पडू दिलं. मग तो रडायला लागला, तोंडावर हात न घेता.

मी अजून रडलो नव्हतो. माझ्या अंगणात, माझ्या बायकोसाठी, माझ्या आधी रडणारा हा कोण? माझ्या मनात तेच आलं. त्याला हाकलून द्यावं असं वाटलं. पण हाकलायलाही उठावं लागतं.

ऊन अंगणात आलं. त्याचं रडणं थांबलं तरी तो उठेना. मग बघितलं तर सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावरून घाम ओघळतोय, हात थरथरताहेत. दु:खानं असा घाम येत नाही. हा घाम मी एकदा पाहिला होता, खांबाला टेकलेल्या तिच्या अंगावर. सुई घेऊन तो जेवला नव्हता.

त्याची पिशवी उलटी केली, तर खडा संपलेला, नुसता गुळाचा रिकामा कागद पडला. घरात चूल पेटलेली नव्हती. मी देवापुढचा खडा घेतला आणि त्याच्यापुढं बसलो. त्याचे डोळे माझ्यावर होते, पण मी त्याला दिसत नव्हतो. खडा ओठाला लावला तर त्यानं मान फिरवली आणि पुटपुटला, "आपल्याला चालत न्हाई."

"चालतंय आज," मी म्हणालो. "खा रं गड्या."

सुतकाच्या घरात कोणी गोड तोंडात घालत नाही. मी डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली आणि खडा आत सारला. तो चावायला लागला. माझ्या बोटाला त्याचे दात लागले. तळहातावर थोडा भुगा उरला होता, तो मी माझ्या तोंडात टाकला.