बंद मोटरीतली टिकटिक

आधीच सांगते – मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि मला त्याचा अभिमान आहे. लिंबू-मिरची, उतारा, दृष्ट... यातलं काही मी आमच्या खोलीत टिकू दिलं नाही. तरी हे लिहितेय.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. राहतो सिल्वासाजवळ नरोलीला, भाड्याच्या खोलीत. अप्पा तिथल्याच एका धाग्याच्या कंपनीत फिटर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटरीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचं – ही त्यांची पद्धत. चुकत नाहीत.

मागच्या वर्षी मायच्या हृदयाचा वॉल्व्ह बदलायचं ठरलं. लहानपणीच्या तापाने तो खराब झालेला. एक जिना चढली की धापा टाकत बसायची. वापीच्या डॉक्टरांनी समजावलं, की टिशूचा वॉल्व्ह आवाज करत नाही, धातूचा टिकटिक करतो. मायला टिशूचाच बसवणार होते. फक्त फॉर्मवर एक ओळ होती – आत जागा कमी निघाली तर धातूचा बसवू. सही मी केली. अप्पांना ती ओळ सांगितली नाही... आधीच त्यांचं जेवण सुटलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी एकालाच थांबू देत होते. अप्पांना मीच ड्युटीवर धाडलं. हॉस्पिटलात असते तर येरझाऱ्या घालून त्यांनी वॉचमनला वेड लावलं असतं.

दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी – कॉल लॉग अजून जपून ठेवलाय – त्यांचा फोन.

"सुशे, बसला तुझ्या मायचा वॉल्व्ह!"

"अप्पा, डॉक्टर अजून बाहेरसुद्धा आले नाहीत."

"अगं, ऐकू येतंय मला. टिकटिक, टिकटिक... एकदम फिट. जराही खडखड नाही."

"कशात ऐकू येतंय?"

"ब्लोअरच्या मोटरीत."

मागून त्यांच्या सुपरवायझरचा आवाज – "काका, मोटर तो सुबह से बंद है! फ्यूज आपकी जेब में है!"

"अप्पा, टिशूच्या वॉल्व्हला आवाजच नसतो. आधी काहीतरी खाऊन घ्या," म्हणत मी फोन ठेवला. पण बंद मोटरीत ते काय ऐकत होते... आणि माय आत कशी होती?

दोनच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली केला, हसले. "छान झालं. पण जागा फारच लहान निघाली, धातूचाच बसवला. साधारण एकच्या पुढे हृदय पुन्हा चालू झालं."

मी बाकावर बसले ती हसत आणि रडत.

माय घरी आली त्या दिवशी अप्पा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिच्याजवळ गेले. माय ओरडली, "खबरदार! एवढी वर्षं माझं बोलणं ऐकलं नाही, आता हत्यार लावून ऐकता?"

अप्पा तसेच उभे राहिले, कान देऊन. मग म्हणाले, "हाच. हाच होता."

गरम मोटर थंड होताना आवाज करते म्हणावं, तर ती सकाळपासून गार. माझ्या डिग्रीत याचं उत्तर नाही, हे मी मान्य करते. आता माय गच्चीवर पापड वाळत घालायला जाते. संध्याकाळी भाकरी थापताना ती क्षणभर थांबली, की खोलीत टिकटिक येते... आणि अप्पा ताटावरून मान न उचलता म्हणतात, "चालू आहे."